रुतलेल्या चेंडूचा न्याय



पालघर-बोईसरच्या टापूंत, आमच्या सरावलीसारख्या गांवीं, भाताच्या लावणीच्या दिवसांत खाचरांतून ज्यानें चार पावलें टाकलीं असतील, त्याला ओल्या मातीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. पाऊल आंत जातें तें सहज, बाहेर येतें तें मात्र कष्टानें. आणि जेथें तें बुडालें तेथें त्याच आकाराचा एक खळगा मागें राहतो. आज मी ज्या खेळाविषयीं बोलणार आहें तो भातशेतीपासून फारच दूरचा. पण त्याच्या नियमांच्या पुस्तकांत ह्याच ओल्या मातीला उद्देशून एक कलम घातलेलें आहे. खेळ आहे गोल्फ, आणि कलम आहे जमिनींत रुतलेल्या चेंडूचें. कलम दिसावयास लहान. परंतु नियम कशाला म्हणावें, अपवाद कोठें करावा, आणि पंच जवळ नसतांना माणसानें स्वतःचा न्याय स्वतः कसा करावा, ह्या तिन्ही गोष्टींचा विचार त्यांत आला आहे. म्हणून ज्यांनीं गोल्फची काठी कधीं हातांत धरली नाहीं, त्यांनींही तें ऐकण्यासारखें आहे.

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. आपल्याकडे तो साहेबांबरोबर आला, आणि बराच लवकर आला. १८२९ सालीं कलकत्त्यास जो क्लब निघाला, तो ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब समजला जातो. मुंबईचा रॉयल बाँबे गोल्फ क्लब १८४२ चा. चेंबूरचा बाँबे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. नाशिकांत ज्या मैदानावर रणजी करंडकाचे सामने झाले, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब मैदान म्हणतात. खेळ गेला, नांव राहिलें. पुष्कळ वर्षें ही अंमलदारांची व धनिकांची करमणूक, अशीच आपली समजूत होती. पण २०१६ सालीं ऑलिंपिकमध्यें ह्या खेळाचा पुन्हां समावेश झाला. पुढें २०२१ सालीं टोकियोस झालेल्या ऑलिंपिकमध्यें पुण्याचे उदयन माने पुरुषांच्या स्पर्धेंत भारतातर्फे खेळले, आणि स्त्रियांच्या स्पर्धेंत आपली अदिति अशोक चौथी आली. तेव्हां ज्या घरांत गोल्फचें नांवही कोणी काढीत नसे, तेथलीं मंडळी पहांटे उठून पडद्यासमोर बसलीं. पाहणारे वाढले म्हणजे प्रश्नही वाढतात. आणि चेंडू हातानें उचलून दुसरीकडे टाकणारा खेळाडू दिसला, कीं पहिला प्रश्न हाच येतो : हें चालतें कसें?

आधीं खेळाची मांडणी पाहूं. विस्तीर्ण कुरणावर अठरा ठिकाणीं, गोट्यांच्या गलीसारखीं, सुमारें १०८ मिलिमीटर रुंदीचीं भोकें असतात. लांब काठीनें टोला मारीत चेंडू एकेका भोकांत घालावयाचा. ज्याचे एकंदर टोले कमी, तो विजयी. भोकाकडे जाणारी वाट निरनिराळ्या जमिनींतून जाते. बारीक गवताची मधली पट्टी ती फेअरवे. तिच्या दोहों बाजूंस वाढूं दिलेलें गवत तें रफ. मुद्दाम केलेले वाळूचे खड्डे ते बंकर. तळें, ओढा वगैरे आंखून दिलेले भाग तें दंडक्षेत्र. आणि भोकाभोंवतीची गालिच्यासारखी हिरवळ ती ग्रीन. हीं नांवें ध्यानांत ठेवावीं, कारण पुढचा निवाडा पुष्कळसा जागेवर अवलंबून आहे.

ह्या खेळाचा मूळ दंडक असा कीं, चेंडू जेथें व जसा पडला असेल, तेथून व तसाच तो खेळला पाहिजे. एडिंबरोजवळच्या लीथ येथील खेळाडूंनीं १७४४ सालीं तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. त्यांत एक नियम असा आहे कीं, चेंडू वाटेंत एखाद्या माणसाला, घोड्याला किंवा कुत्र्याला अडून थांबला, तरी थांबला तेथूनच खेळावा. दैवानें जें पुढें वाढलें तें मुकाट्यानें घ्यावें, अशी ही वृत्ति आहे. चेंडू झाडाच्या बुंध्याला चिकटून बसला, किंवा दुसऱ्या खेळाडूच्या काठीनें उडविलेल्या ढेकळाच्या खांचेंत जाऊन पडला, तरी आजही फुकट सवलत मिळत नाहीं.

मग रुतलेल्या चेंडूवरच ही मेहेरनजर कां? त्याचें कारण चेंडूच्या गतींत आहे. गोल्फचा चेंडू लहान व टणक. त्याचें वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षां अधिक व व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षां कमी नसावा, असें बंधनच आहे. कसलेल्या खेळाडूच्या टोल्यानें तो तीस मीटरच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीइतका उंच जातो आणि तेथून खालीं येतो. जमीन कोरडी असली तर उसळून पुढें घरंगळतो. ती पावसानें भिजून मऊ झालेली असली, तर मात्र आंत घुसतो आणि तेथेंच बसून राहतो. आतां यांतील विपरीत प्रकार पाहा. टोला जितका उंच, तितका चेंडू रुतण्याचा संभव अधिक. भुईसरपट गेलेला फसका टोला बहुधा रुतत नाहीं. म्हणजे उत्तम मारणाराला शिक्षा आणि चुकणाराला अभय! शिवाय मातीच्या भोकांत बसलेल्या चेंडूला काठी नीट लागतच नाहीं, आणि एखादा टोला नुसता त्याला बाहेर काढण्यांतच खर्च होतो. दैवाचा वांटा घ्यावा हें खरें; पण खेळाडूच्या कौशल्यालाच जेथें अपराध ठरविलें जातें, तेथें अपवाद केला पाहिजे, असें नियमकर्त्यांना वाटलें.

हे नियम सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन ह्या दोन संस्था मिळून ठरवितात. २०१९ सालीं त्यांनीं सारें पुस्तक नव्यानें मांडलें. त्यांतील सोळाव्या नियमाचें तिसरें पोटकलम आपल्या विषयाचें आहे, आणि २०२३ च्या आवृत्तींतही तें कायम आहे. त्याप्रमाणें चेंडू रुतला असें म्हणावयास दोन गोष्टी लागतात. एक, खेळाडूनें नुकत्याच मारलेल्या टोल्यानें चेंडू पडून जो खळगा झाला, त्याच खळग्यांत तो असला पाहिजे. दुसरी, त्याचा कांहीं भाग जमिनीच्या पातळीखालीं गेलेला असला पाहिजे.

दुसरी अट आधीं पाहूं, कारण ती सोपी. पातळी म्हणजे जमिनीची पातळी, गवताची नव्हे. रफच्या दाट गवतांत चेंडू दिसेनासा झाला, पण खालची माती फुटली नाहीं, तर तो नुसता लपला आहे, रुतला नाहीं. उलटपक्षीं, चेंडू व माती यांच्यामध्यें गवताच्या चार काड्या दबून राहिल्या म्हणून हक्क जात नाहीं. चेंडू मातीला प्रत्यक्ष टेकलाच पाहिजे असें नियम म्हणत नाहीं.

पहिल्या अटींत खरें मर्म आहे. खळगा चेंडूचा स्वतःचा पाहिजे. चेंडू पडला, उसळला, आणि शेजारीं दुसऱ्या कोणाच्या चेंडूनें पाडून ठेवलेल्या जुन्या खळग्यांत जाऊन बसला, तर सवलत नाहीं. मात्र उसळून, गिरकी घेऊन तो पुन्हां आपल्याच खळग्यांत परत आला, तर तो रुतलेलाच समजावा. कोणाचा पाय पडून चेंडू मातींत दाबला गेला, तर तें टोल्याचें फळ नव्हे; त्याचा निवाडा दुसऱ्या कलमांनीं करतात. काठी वरून आपटून चेंडू हवेंत न उडतां जागच्या जागीं भुईंत ठोकला गेला, तरी तो ह्या कलमांत बसत नाहीं.

आपल्याकडच्या पावसाळ्याला धरून आणखी दोन-तीन दाखले घेऊं. बैलाच्या खुराचा ओला ठसा आहे आणि त्यांत चेंडू घरंगळत जाऊन पडला. खळगा आहे, चेंडू जमिनीच्या पातळीखालींही आहे. पण खळगा बैलाचा आहे, चेंडूचा नव्हे. सुटा खूर किंवा पाऊल म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा, त्यावर फुकट सवलत नाहीं. चेंडू खेकड्याच्या बिळांत गेला, तर तो रुतला नाहीं. पण जनावरानें उकरलेल्या बिळासाठीं वेगळें कलम आहे आणि त्याखालीं सवलत मिळते. पावसाचें पाणी सांचून डबकें झालें व चेंडू त्यांत पडला, तर तें तात्पुरतें पाणी. त्याचीही सवलत वेगळी आणि तिचें माप वेगळें. बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे प्रकार एकाच चिखलाचे दिसतात. नियम मात्र प्रत्येक वेळीं विचारतो कीं, हा खळगा कोणीं केला?

आतां जागेचा विचार. फेअरवे, रफ वगैरे जो मोकळा मुलूख, त्याला सर्वसाधारण क्षेत्र म्हणतात, सवलत तेवढ्यांतच. बंकरच्या वाळूंत चेंडू अर्धा पुरला गेला तरी नाहीं, कारण वाळूंतून चेंडू काढणें हीच तेथली परीक्षा आहे. दंडक्षेत्रांत नाहीं. ग्रीनवर ह्या कलमाची गरजच पडत नाहीं. तेथें खूण करून चेंडू उचलावा, पुसावा, खळगा बुजवावा आणि चेंडू पुन्हां त्याच जागीं ठेवावा, अशी मुभा मुळांतच आहे. सर्वसाधारण क्षेत्रांतही दोन अपवाद आहेत. फेअरवेइतकें बारीक गवत जेथें कापलेलें नाहीं अशा भागांतील वाळूंत चेंडू रुतला, तर सवलत नाहीं. आणि चेंडू एखाद्या झुडपाच्या जाळींत असा सांपडला असेल कीं रुतला नसता तरी तो मारणें उघडच अशक्यप्राय होतें, तरीही नाहीं. रुतण्याचें निमित्त करून झुडपांतून सुटका करून घेतां येत नाहीं.

येथें २०१९ च्या फेरफाराचें महत्त्व सांगितलें पाहिजे. तोंपर्यंत ही सवलत मूळ नियमानें फक्त बारीक कापलेल्या गवतापुरती होती. रफमध्यें ती द्यावयाची तर स्पर्धेच्या समितीला तसा स्थानिक नियम करावा लागे. आतां चाल उलटी आहे. सवलत सगळ्या सर्वसाधारण क्षेत्रांत मिळते, आणि समितीला हवी असेल तर ती स्थानिक नियमानें बारीक गवतापुरती मर्यादित करूं शकते. जेथें जून ते सप्टेंबर रफ आणि फेअरवे दोन्ही सारखींच भिजतात, त्या आपल्या महाराष्ट्रांतील खेळाडूला हा बदल मोलाचा आहे. पावसाळ्यासाठीं आणखी एक स्थानिक नियम करतां येतो. त्यानें फेअरवेवरचा चेंडू उचलून, पुसून, ठराविक अंतराच्या आंत ठेवण्याची परवानगी मिळते. ती सोय समितीनें दिली तरच असते. रुतलेल्या चेंडूची सवलत पुस्तकानेंच दिलेली आहे. दोहोंची गल्लत करूं नये.

सवलत घ्यावयाची कशी, तें आतां क्रमानें सांगतों. चेंडू रुतला असावा असें सयुक्तिक कारणानें वाटलें, पण खात्री नाहीं, तर आधीं जागेची खूण करावी आणि मग चेंडू उचलून पाहावें. ह्या वेळीं तो पुसावयाचा नाहीं. रुतलेला नसल्यास जसाच्या तसा जागेवर ठेवावा. रुतलेला असल्यास त्याच्या लगत मागचा जो बिंदु, तो आधार धरावा. तेथून एका काठीचें अंतर मोजावें. काठी म्हणजे जवळ असतील त्यांतील, ग्रीनवरची सोडून, सर्वांत लांब. ह्या अंतरांत, भोकाच्या अधिक जवळ न जातां आणि सर्वसाधारण क्षेत्रांतच, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा. आतां तो पुसला तरी चालेल, बदलला तरीही चालेल. सोडलेला चेंडू आंखलेल्या क्षेत्राबाहेर घरंगळला तर पुन्हां सोडावा. दुसऱ्यांदांही गेला, तर दुसऱ्या वेळीं तो जेथें जमिनीला प्रथम टेकला तेथें हातानें ठेवावा. जुना खळगा बुजविण्याची घाई करूं नये. आपला टोला झाल्यावर तो अवश्य बुजवावा.

चेंडू ठेवावयाचा नाहीं, सोडावयाचा, ह्यांतही अर्थ आहे. हातानें ठेवला तर मनुष्य गवताचा उत्तम झुबका शोधून त्यावर ठेवील. सोडला म्हणजे पुन्हां थोडासा दैवाचा भाग आला. पूर्वीं खेळाडू भोकाकडे तोंड करून खांद्यावरून मागें चेंडू टाकीत. १९८४ पासून हात खांद्याच्या उंचीला ताठ धरून सोडूं लागले. २०१९ पासून गुडघा आला. उंची कमी झाली तसा चेंडू दूर उसळण्याचा खटाटोपही कमी झाला. नियमाला खेळाडूचें नुकसान भरून द्यावयाचें आहे, त्याला बक्षीस द्यावयाचें नाहीं.

चुकीला दंड आहे. सयुक्तिक कारण नसतां चेंडू उचलला, खूण न करतां उचलला, किंवा पुसूं नये तेव्हां पुसला, तर एक टोला. हक्क नसतां सवलत घेऊन भलत्या जागेवरून खेळला, तर टोल्यांच्या मोजणीच्या खेळांत दोन टोले. आणि एकास एक अशा सामन्यांत तें भोकच गमवावें लागतें.

हें झालें कायद्याचें. पण निवाडा करावयाचा कोणीं? क्रिकेटमध्यें अंपायर यष्टीजवळ उभा असतो. गोल्फचें मैदान मैलभर पसरलेलें. प्रत्येक चेंडूजवळ पंच असणें शक्य नाहीं. चेंडूजवळ असतो तो खेळाडू. २०१९ पूर्वीं त्यानें चेंडू उचलण्याआधीं सोबतच्या खेळाडूला तसें सांगावें व त्याला पाहण्याची संधि द्यावी, अशी अट होती. नव्या पुस्तकानें ती काढून टाकली. खेळाडूच्या सचोटीवर नियमानें टाकलेला हा विश्वास मोठा आहे, आणि तो किती नाजूक आहे हें लवकरच दिसून आलें.

३० जानेवारी २०२१ रोजीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथील टोरी पाइन्सच्या मैदानावर एका मोठ्या स्पर्धेचा तिसरा दिवस होता. दहाव्या भोकावर पॅट्रिक रीड ह्या नामांकित खेळाडूचा चेंडू रफमध्यें पडला. रीड यांनीं जवळच्या स्वयंसेवकाला, चेंडू उसळला काय, असें विचारलें. उसळतांना दिसला नाहीं, असें उत्तर मिळालें. त्यांनीं खूण करून चेंडू उचलला आणि मग अधिकाऱ्याला बोलाविलें. अधिकाऱ्यानें बोटांनीं जमीन चांचपून खळग्याची कड लागते असें मान्य केलें, आणि सवलत मिळाली. नंतर दूरचित्रवाणीच्या चित्रांत तो चेंडू पडल्यावर एकदां उसळलेला लोकांनीं पाहिला, आणि वादळ उठलें. उसळलेला चेंडू आपल्याच खळग्यांत कसा? स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनीं खेळाडूचें वर्तन नियमाला धरूनच होतें असा निर्णय दिला. रीड दुसऱ्या दिवशीं पांच टोल्यांच्या फरकानें स्पर्धा जिंकले. चर्चा मात्र पुढें बरेच दिवस चालू होती.

ह्या प्रसंगांत कोणाच्या मनांत शिरण्याचें आपणांस कारण नाहीं. नियमाच्या दृष्टीनें पाहावयाचें तें इतकेंच : साध्या डोळ्यांना जें वाजवी रीतीनें दिसूं शकलें नसतें, तें यंत्रानें दाखविलें तरी त्यावरून खेळाडूला दोषी धरावयाचें नाहीं, असें पुस्तक सांगतें. हें योग्यच आहे. माणसाचा न्याय माणसाच्या डोळ्यांनीं व्हावा. पण चेंडू एकदां उचलला कीं तो कसा बसला होता ह्याचा पुरावाही त्याच्याबरोबर उचलला जातो. मागें उरतो तो एक खळगा, आणि तो कोणाचा हें खळगा सांगत नाहीं. म्हणून सोबत्याला आधीं हांक मारण्याची जुनी अट कायद्यांतून गेली असली, तरी शहाण्या खेळाडूनें ती आपल्या संवयींत ठेवावी असें मला वाटतें. दुसऱ्याला दाखविण्यानें आपल्या सचोटीला कमीपणा येत नाहीं. उलट तिला साक्षीदार मिळतो. कायदा जेवढें मागतो तेवढें करणारा निर्दोष ठरतो. त्याहून थोडें अधिक करणाऱ्याविषयीं मागाहून कोणाला प्रश्नच पडत नाहीं.

तेव्हां पुढच्या वेळीं पडद्यावर एखादा खेळाडू वांकून, खूण करून, चेंडू उचलतांना दिसला, तर घरांत बसल्या बसल्या चार प्रश्न करून पाहावे. चेंडू जमिनीच्या पातळीखालीं होता काय? खळगा त्याचा स्वतःचा होता काय? जागा सवलतीची आहे काय? आणि त्यानें उचलण्याआधीं कोणाला दाखविलें काय? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें नियमाला पाहिजेत. चौथें विचारणें नियमानें सोडून दिलें आहे. आपण पाहणाऱ्यांनीं तें विचारावयास हरकत नाहीं.